मेलेल्याने बोलायचे नाही

मी, उकंडा महादेव गावंडे, वय छप्पन, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे, तर हृदयाच्या सूचनेवरून लिहीत आहे. येत्या बुधवारी नागपुरात त्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. नयन बोरेले यांनी दिला. देताना ते हसले, तेवढे मनाला लागले.

माझ्याआधीची दोन भावंडे दगावली, म्हणून आईने मला जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवून परत उचलले आणि हे नाव दिले. हेतू हा की यमाने ढुंकूनही पाहू नये. छप्पन वर्षे तो फसला. आता त्याला संशय आलेला दिसतो.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी पत्नी भागीरथा हिला मिळावा. यावर कोणी वाद घालू नये. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

कलम २. पुस्तके मुलगी खुशी हिला. व्याकरणाचे ग्रंथ रद्दीत घालायचेच असतील तर तेरावे होऊ द्यावे.

कलम ३. दिवाणखान्यातली टीव्ही गेमची मशीन, तिची एकुलती कॅसेट आणि जुना डबा टीव्ही मोहिउद्दीनला द्यावा. हायवेवर त्याचे ट्रकांच्या टेपरेकॉर्डरचे दुकान होते. सत्त्याण्णव साली हैदराबादकडे जाणारा एक ड्रायव्हर ही मशीन त्याच्याकडे दुरुस्तीला टाकून गेला तो आलाच नाही, म्हणून मोहिउद्दीनने ती आमच्या टीव्हीला आणून जोडली. आला तर परत करावी, पण आधी त्याला एक डाव खेळायला बसवावे. डाव झाल्यावर तो मशीन उचलणार नाही, बसेल.

खेळ साधा आहे. चौकोनी मैदान, आडव्यातिडव्या भिंती, चार बुटके गडी. बॉम्ब ठेवायचा आणि पळायचे. जो उरेल तो जिंकला. बहुतेक जण दुसऱ्याच्या बॉम्बने मरत नाहीत; स्वतः ठेवलेल्या बॉम्बने स्वतःचीच वाट अडते. ‘स्वस्फोटेन हतः स्वयम्’ हा शेरा मी माझ्यासाठी रचून ठेवला आहे, तो जवळपास दर रविवारी कामी आला.

खुशी पुण्याहून विचारते, "बाबा, आता मोबाइलवर शंभर जण एकत्र खेळतात. तुम्ही त्या डबड्यात काय पाहता?" बाई गं, त्या शंभरांतल्या एकाचा तरी कोपर तुझ्या बरगडीत लागतो का? आमच्या एका सतरंजीवर चार माणसे, आठ गुडघे आणि एक पडदा. शेजारचा श्वास रोखतो तेव्हा कळते की बॉम्ब ठेवला. दुपारचे जेवण झाले की अठ्ठावीस वर्षे आम्ही हेच करत आलो, आणि दर वेळी भागीरथा जिंकली की नवलच वाटते. मोहिउद्दीन दरसाल मशीन उघडून सुटलेल्या तारांना कथलाचा डाग देतो आणि म्हणतो, "सर, हिचं काई खरं नाई." मग ती आणखी एक वर्ष चालते. माझेही असेच काही करता आले तर नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला विचारावे.

कलम ४. खेळायचा पहिला रिमोट, म्हणजे माझा, खुशीला. माझी जागा रिकामी ठेवू नये. तिथे फोटोही मांडू नये. हार घातलेल्या माणसाला पळता येत नाही.

कलम ५. आमचे घरचे नियम दोन, ते पुढेही पाळावेत. पहिला: जो आधी मरेल त्याने उठून चहा मांडायचा. दुसरा: मेलेल्याने बोलायचे नाही. मेलेल्याला सगळे मैदान दिसते, म्हणून त्याने जिवंतांना काही सांगायचे नाही.

आता कलम ६, ज्यासाठी खरे तर हा कागद.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी आणि भागीरथा मेलेले, मैदानात मोहिउद्दीन आणि देवीलाल राठोड. देवीलाल एसटीत कंडक्टर होता. सतरंजीवर तो माझ्या उजव्या हाताला. त्याने मोहिउद्दीनच्या पाठीमागे बॉम्ब ठेवला. मोहिउद्दीनला पत्ता नव्हता. मी खोकलो. मोहिउद्दीन सरकला, आणि कोपऱ्यात अडकून देवीलालच मेला.

त्याने रिमोट खाली ठेवला. "सर, तुमी खोकून सांगतलं."

"अरे, चिवड्यातला दाणा अडकला घशात."

"चिवडा संपून अर्धा घंटा झाला!"

"मग दाणा उशिरा अडकला."

"अठ्ठावीस वर्षं झाले खेळता खेळता, आन तुमी मले शाळेतलं पोट्टं समजता काय?" तो चपला घालून गेला. (तेव्हा सव्वीसच झाली होती. मी तेही दुरुस्त केले, दारातून.)

त्यानंतर तो आला नाही. दोन वर्षे आम्ही तिघे खेळतो. तिघांत दोघे एकावर उलटतात. चौथा असला की कोण कोणाचा, हे शेवटपर्यंत ठरत नाही. खेळाची गोडी त्यातच होती, हे चौथा गेल्यावर कळले.

मी शपथपूर्वक लिहून देतो की दाणा नव्हता. मी मुद्दाम खोकलो. त्याने सलग चौथा डाव जिंकू नये, एवढेच कारण. दोन वर्षे दुसरे शोधले, मिळाले नाही. आणि ज्याने जन्मभर पोरांना खरे बोलायला शिकवले, तो एका खोकल्याची कबुली देऊ शकला नाही.

मेल्यावर हे वाचले जाणार असेल तर दुसरा नियम पुन्हा मोडतो. म्हणून देवीलालला आजच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचावा असे कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. वकिलाच्या मते साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, तेव्हा तिसरा रिमोट मी त्याला देत नाही. तो त्याचाच आहे. दोन वर्षांत दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नाही.

वरील मजकूर माझ्या हाताचा असून मला कबूल आहे, कलम ६ सर्वांत जास्त.

ठिकाण: पांढरकवडा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

(सही) उकंडा महादेव गावंडे

साक्षीदार १: (सही) डॉ. नयन बोरेले
उकंडा सरांनी माझ्यासमोर सही केली. सहावे कलम वाचले जात असताना ते एकदाही खोकले नाहीत.

साक्षीदार २: (सही) देवीलाल राठोड
समदं वाचलं. खोकला मले तवाच समजला होता, तुमच्या तोंडून आयकाचा होता. आइतवारी येतो. चिवडा ठेवू नका. आन या बारीनं तुमी पयले मेले तरी चहा मी मांडीन.