प्रकरण सातवं सोडून

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. सकाळी ६.१०
मुहूर्त साधला. आत्मचरित्राला आजपासून सुरुवात. नाव पक्कं: 'सदैव आघाडीवर'. लेखक मेजर जनरल जीवनलाल रहांगडाले (निवृत्त). कामठ्याच्या धानाच्या बांधावरून थेट डिव्हिजनच्या कमांडपर्यंत! रोज हजार शब्द, दिवाळीपर्यंत पुस्तक तयार.
दुर्गेश्वरीला सांगितलं. चाळीस वर्षं फौजी माणसाची बायको आहे, पण शिस्त शून्य. म्हणाली, आधी गच्चीवरची टाकी धुवा जी, मंग लिवा.
आजचे शब्द: नऊ. शीर्षक आणि नाव धरून.

४ ऑक्टोबर. दुपारी ४.२०
चार वाजता पुन्हा तो आवाज. खर्र, खर्र. कोणी बर्फावरून बेलचा, म्हणजे फौजी फावडं, ओढतंय असा. इथं फुलचूरला बर्फ कुठला? शेजारच्या प्लॉटवर बांधकाम आहे, रेती ओढत असतील. जाऊन पाहून आलो. काम बंद, मजूर दसऱ्यापासून गावाला गेलेले.
तरी रेतीच. विषय संपला.

७ ऑक्टोबर
पुस्तकाचा प्लॅन झाला. एकूण बारा प्रकरणं. पहिली सहा डोक्यात तयार आहेत. सातव्यापाशी, म्हणजे फेब्रुवारी २००० पाशी, जरा अडलो. तेव्हा मी कर्नल होतो, पलटण माझ्या हाताखाली, पोस्ट अठरा हजार फुटांवर. फौजेचा नियम आहे, अडथळा आला की बायपास करा. सातवं सोडून आठवं घेतलं.
आठव्यात मला मेडल मिळतं. ते भराभर होईल.

९ ऑक्टोबर
मोठी बातमी! अर्जुनी मोरगावकडच्या एका गावातून गजेंद्र नावाच्या माणसाचा फोन. दिवाळीनंतर ९ नोव्हेंबरला त्यांच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा आहे. दिवसा दंडार होणार, गावातलेच लोक सोंगं घेणार. यंदाची दंडार फौजेवर, आणि साहेब, तुमी बी आहा तिच्यात, पाहुने म्हून याच लागते, म्हणाला.
माझ्या जीवनावर दंडार! जिल्ह्याला शेवटी कळलं तर. मी ताबडतोब हो म्हटलं.
मग त्यानं गावाचं नाव सांगितलं. नाईक सुखराम कापगतेचं गाव. माझ्याच पलटणीतला. फेब्रुवारी २००० मध्ये बर्फाखाली गेला.
तोवर हो म्हणून झालं होतं.

१० ऑक्टोबर
ठीक आहे. सुखरामच्या घरी जायचं तसंही ठरलेलंच होतं. पंचवीस वर्षं ठरलेलं आहे. नोकरीत असताना सुटी मिळाली नाही. निवृत्तीनंतर गुडघे. मागच्या वर्षी तर निघालोही होतो, नवेगावबांधपर्यंत गेलो, तलाव पाहिला, मासोळी-भात खाल्ला, मग आभाळ आलं म्हणून परतलो. आभाळाचं काही सांगता येत नाही.
या वेळी एका दगडात दोन पक्षी. दंडारही पाहीन, आणि त्याच्या बायकोला, वच्छलाबाईंना, जे सांगायचं ते सांगूनही टाकीन.

१३ ऑक्टोबर
गजेंद्रला माझा बायोडाटा पाठवला. अकरा पानं, सहा फोटो. माझं काम करणारा माणूस उंच हवा, मिशी भरदार, चालण्यात रुबाब. त्याचा उलट फोन: साहेब, तुमचं सोंग मुन्नालाल घेऊन राहिला, सायकलचं दुकान आहे त्याचं. अना तुमचं काम दहाच मिनटाचं आहे.
दहा मिनिटांत अडतीस वर्षांची सर्व्हिस! ग्रामीण भागात स्क्रिप्टची समज कमीच. असो. थोडक्यात गोडी.

१५ ऑक्टोबर
कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणतो, कान ठणठणीत आहेत. या वयात असे कान पाहिले नाहीत म्हणे. फार राग आला. काहीतरी बिघाड सापडायला हवा होता.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
घरात उगाच तमाशा. सकाळी दुर्गेश्वरीनं अंगणात रांगोळीला सुरुवात केली. दोन उभ्या रेघा, मधे एक आडवी. पुढे त्याचं काय होणार होतं देव जाणे, मी पायानं पुसून टाकली. ती ओरडली, काऊन पुसली जी? सणासुदीचं डोस्कं फिरलं का तुमचं? मी म्हटलं, अलाइनमेंट चुकली होती.
पांढऱ्यावर लाल एच. आमच्या पोस्टच्या हेलिपॅडवर असायचा, गेरूनं रंगवलेला, वरून पायलटला दिसावा म्हणून. बर्फ पडला की झाकला जायचा. मग बेलच्यानं साफ करायचा, परत रंगवायचा. स्टँडिंग ऑर्डर होती. सही माझी होती, पण ऑर्डर जुनीच होती.
अनारसे कडक झालेत. चाववत नाहीत.

२५ ऑक्टोबर
कामठ्याला गेलो. धाकट्या भावाच्या शेतात धानाची कापणी चालू आहे. वाटलं मोकळ्या हवेत प्रकरण सुचेल. बांधीत एक माणूस पाठमोरा, वाकलेला, डोक्यावर कानटोपी. खांदा डावीकडे किंचित झुकलेला. तीच ढब. मी हाक मारली. मारायला नको होती. वळला तो भलताच निघाला, म्हणाला, का जी मालक?
भाऊ म्हणतो, मी बांधावर एक तास उभा होतो. मला दोन मिनिटं वाटली. ऊन फार आहे.

३० ऑक्टोबर
गजेंद्रनं फोनवर दंडारीची कथा सांगितली. दंडार माझ्यावर नाही. सुखरामवर आहे. त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून.
शेवटचा सीन असा: शत्रूच्या तोंडावर गस्त घालताना हिमस्खलन, मी सुखरामला खांद्यावर घेऊन बर्फातून चालतोय, आणि तो माझ्या खांद्यावरच प्राण सोडतो. मी विचारलं, हे कुठून आणलं? म्हणाला, तुमच्याच चिठ्ठीतून साहेब! साऱ्या गावाले पाठ आहे. आणि फोनवर घडाघडा म्हणून दाखवलं: "साहेब, माझी चिंता करू नका. माझ्या वच्छलाला सांगा, मी हसत हसत गेलो."
वाक्य चांगलं आहे. वच्छलाबाईंना पाठवलेल्या सांत्वनाच्या चिठ्ठीत मीच लिहिलं होतं, बुखारीच्या शेगडीजवळ बसून, तिसऱ्या दिवशी. बायकोचं नाव नातेवाइकांच्या फॉर्मवरून घेतलं. 'माझ्या' हा शब्द मागाहून घातला, जरा जिव्हाळा यावा म्हणून.
गस्त नव्हती. शत्रूही नव्हता. एच साफ करायला पाठवला होता.
निर्णय: ९ तारखेला स्टेजवरून सगळं सांगणार. माइकवर. मी घाबरत नाही.

४ नोव्हेंबर
भाषणाचा पहिला ड्राफ्ट: "सुखराम माझ्या चुकीमुळे गेला." उत्तम. थेट. जवानाला शोभेल असं.
संध्याकाळचा ड्राफ्ट: "सुखराम गेला, त्यात चुकाही झाल्या."

६ नोव्हेंबर
पाचवा ड्राफ्ट: "प्रतिकूल हवामानात कर्तव्य बजावताना." दुर्गेश्वरीला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, हे त तुमी दर सव्वीस जानेवारीले बोलता.
तिला काय माहीत. आजवर सांगितलंच नाही. इथं लिहून ठेवतो, म्हणजे तिथं अडखळणार नाही. आर्मी कमांडर येणार होते. सुभेदारसाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, सर, वरचा उतार बर्फानं भरलाय, आज कोणाला पाठवू नका. मी म्हटलं, एच दिसला पाहिजे. दुपारी साडेतीनला मेसेज आला, व्हिजिट रद्द. सुखरामला वायरलेसवर परत बोलवता आलं असतं. मी म्हटलं, आलंच आहे काम संपत, अर्धवट कशाला सोडायचं.
उतार चारला सुटला.
पहिला ड्राफ्टच घ्यायचा. ठरलं.

९ नोव्हेंबर. सकाळी ७.००
निघतोय. मेडल्स लावली, कागद खिशात. आभाळ स्वच्छ आहे. बहाणाच नाही.

९ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.३०
आलो परत. दंडार छान झाली. मुन्नालालनं कापसाची मिशी लावली होती, एका बाजूनं सुटत होती. पण त्यानं सुखरामचं सोंग घेतलेल्याला खांद्यावर घेतलं तेव्हा सगळा मांडव रडला. मीही रडलो. तसा मी किती चांगला असतो, हे पहिल्यांदाच पाहिलं. प्रत्यक्षात मी तिथून बारा किलोमीटरवर हेडक्वार्टरमध्ये चहा पीत होतो.
मग मला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ. कागद काढला, उघडला. समोर पाचशे माणसं डोळे पुसत होती. मी म्हणालो, तुम्ही जे पाहिलं ते अक्षरशः खरं आहे. टाळ्या थांबेनात.
खाली उतरलो तर वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. सोबत मुलगी चंदा, तिला त्यांनी खुर्ची आणायला पाठवलं. मी म्हटलं, तुमच्या मालकांना अखेरपर्यंत तुमचीच आठवण होती. त्या हळूच म्हणाल्या, साहेब, ते माह्यं नाव कसे घेतीन? आमच्यात मानूस बायकोचं नाव घेतच नाही. जलमभर चंदीची माय म्हनत होते. चिठ्ठी आली तवाच समजली मी का हे तुमचं लिवनं आहे.
रागावल्या नव्हत्या. तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाल्या, खोटं कायले लिवा लागलं, ते साहेब येऊन सांगतीन म्हून वाट पाहून राहिली होती. ते जाऊ द्या आता. मले एकच सांगा, लवकर गेले का? का थंडी लागत राहिली त्यायले?
मला माहीत आहे. बर्फातून काढला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंडापुढचा फूटभर बर्फ उकरला होता. नखं राहिली नव्हती. पलटणीचा डॉक्टर म्हणाला, दोन तास तरी जिवंत होता.
ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. दुसरं कोणी ऐकत नव्हतं. माइक नाही, गर्दी नाही, एक वाक्य बोलायचं होतं.
मी म्हटलं, रेकॉर्ड ऑफिसला विचारून कळवतो.
बरं जी, म्हणाल्या. पाणी पेऊन घ्या, म्हणाल्या.
रेकॉर्ड ऑफिसला विचारण्यासारखं काही नाही. तिथल्या कागदावर 'तत्काळ मृत्यू' लिहिलंय. अक्षर माझं आहे.