सगळ्या मशीनसाठी एकच

३ मार्च
आईला मेल पाठवून आज अठरा दिवस झाले. फोनवर तोंड उघडवेना, म्हणून सगळं लिहून टाकलं — नवऱ्याचं घर सोडलं, दोन खोल्यांत एकटी राहते, परत जाणार नाही. तिची नजर गेल्यापासून तिच्या छोट्या कॉम्प्युटरवर माझाच प्रोग्राम तिला मेल मोठ्यानं वाचून दाखवतो.

आज धीर करून विचारलं, मेल मिळाला ना? "मिळाला की! छान लिहितेस."

छान?! मग गुडघा, शेजारीण, गळका नळ. माझ्याबद्दल चकार शब्द नाही.

७ मार्च
"जावई बरे आहेत ना?" म्हणाली! एवढं लिहूनही! फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

८ मार्च
खडूसचा मेल. मशीनवर बसवायला आम्ही प्रोग्रामची जी पॅकेजेस बांधतो, ती हा तपासतो. पाच वर्षांत कुणाला बरं म्हटलेलं ऐकलं नाही. "जानेवारीच्या आवृत्तीपासून छोट्या प्रोसेसरवर तुझा प्रोग्राम मुका आहे. तक्रार एकच आलीय. ज्यांना दिसत नाही, ते मुक्या मशीनवर तक्रार लिहिणार कशी?"

काहीतरीच! माझ्या लॅपटॉपवर घडाघडा बोलतो. मोठ्या प्रोसेसरसाठी बोलणारा आवाज प्रोग्राममध्येच असतो, छोट्यासाठी त्याचं वेगळं पॅकेज लागतं — आणि तशी अट मी माझ्या पॅकेजच्या गरजांच्या यादीत घातलेली आहे. तरी राग गिळून आईला विचारलं. "प्रोग्राम ना? एकदम झकास!"

झालं तर मग. खडूसचंच काहीतरी बिनसलंय.

११ मार्च
खडूसचं बरोबर होतं. माझी अक्कल शेण खायला गेली होती.

पॅकेजवर मी लिहिलं होतं, "सगळ्या मशीनसाठी एकच". असं पॅकेज एकदाच बांधलं जातं. "छोटा प्रोसेसर असेल तर हा आवाजही घे" ही अट तेव्हाच, बांधणारं मशीन बघून, निकालात निघते. बांधलं माझ्या लॅपटॉपवर. ती ओळ तिथेच गळाली. यादीत नाही म्हणजे छोट्या मशीनांच्या लेखी आवाजाची गरज उरली नाही, म्हणून त्यांनी तो आपणहून काढूनही टाकला. कुठे एरर नाही, काही नाही. नुसती शांतता.

पॅकेजच्या नियमावलीत हा नियम पहिल्याच पानावर आहे. वाचलाही होता!

१२ मार्च
प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळं पॅकेज बांधायला लावलं. खडूसनं छोट्या मशीनवर बसवून बघितलं. उत्तर आलं — "बोलतो." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं. आता नवी आवृत्ती सगळ्यांच्या मशीनवर आपोआप जाईल.

१४ मार्च
सकाळी सातला आईचा फोन.

"अगं, दोन महिने ते बोलतच नव्हतं. वाटलं, मीच भलतं काही दाबलं. तुझा प्रोग्राम, तुला कशाला वाईट वाटू द्यायचं? आज एकदम बोलायला लागलं..."

म्हणजे माझा मेलही तिनं ऐकला होता.

"एकटी राहतेस? आणि मी मेली जावयाची खुशाली विचारत बसले!"

दादाला गाडी काढायला सांगितलीय तिनं. दुपारपर्यंत येतील. घरात उशी एकच आहे. आणायला हवी.