पेन्सिल जरा जास्त झाली

आप्पा,

मी घरी फिल्म धुवायला शिकले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला काय वाटेल याची भीती आता उरलेली नाही. उलट तुम्हाला हे अजिबात आवडू नये अशी माझी इच्छा आहे. बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून मी तेच काम करते, जे तुम्ही मंगळवार पेठेतल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत करायचा आणि जिथं मला कधी पाऊल टाकू दिलं नाहीत. आता डार्करूमसुद्धा लागत नाही. बाह्या असलेली एक काळी पिशवी मिळते. तिच्यात हात घालून फिल्म चाचपडत चक्रीवर गुंडाळायची, डब्यात बंद करायची, की पुढचं सगळं उजेडातच उरकतं. आधी चित्र उमटवणारा डेव्हलपर ओतायचा, डबा हलवत राहायचं, मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो. ज्या कामाचे तुम्ही एवढे देव्हारे माजवलेत, ते एवढंच आहे.

शाळेतून येताना तुमचा डबा घेऊन मी स्टुडिओत यायची. मागच्या खोलीचं दार किलकिलं असलं की आतला लाल दिवा दिसायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, "आप्पा, मला बी बघायचंय की." तुम्ही आतूनच म्हणालात, "भाईरच थांब. औषधानं नखं काळी पडत्यात. तुला आदीच काय कमी हाय व्हय?" बाकावर बसलेलं गिऱ्हाईक हसलं. मग तुम्हीही हसलात. मी डबा ठेवला आणि घरी आले. त्या गिऱ्हाइकाला मी केव्हाच माफ केलं, तो परका माणूस होता.

तुमची कीर्ती होती ती पेन्सिलीची. निगेटिव्हवर चेहऱ्याची जागा बारीक टोकानं जितकी भरून काढावी, तितका फोटोत चेहरा उजळ निघतो, आणि मुलीचा दाखवायचा फोटो म्हटलं की लोक तुमच्याकडंच यायचे. आया पोरींना घेऊन जिना चढायच्या आणि "आप्पा, जरा बघा की," एवढंच म्हणायच्या. पुढचं त्यांना बोलावं लागायचं नाही. आणि तालमीतले पैलवान यायचे तेव्हा? एखादा काळाकभिन्न गडी अंगाला तेल चोळून, खांद्यावर गदा घेऊन उभा राहिला की तुम्ही दिवे इकडून तिकडं फिरवताना दमायचा नाही. "काय कातडं हाय गड्या, नुसतं लोखंड!" त्याच्या निगेटिव्हला पेन्सिल लावायची तुमची छाती झाली नसती. त्याच्या काळेपणाला तुम्ही लोखंड म्हणायचा. माझ्या काळेपणाला तुम्ही काहीच म्हणायचा नाही, नुसतं पेन्सिलीला टोक करत बसायचा.

कॉलेजात होते तेव्हा मलाही त्याच खुर्चीवर बसवलंत. तोंडावर पावडर थापलीत, मान जरा खाली, हां. फोटो घरी आला तेव्हा मी आईला विचारलं, "ही कोण गं?" आई म्हणाली, "गप. ग्वाड आलीयास की." तो फोटो आजऱ्याला गेला, आणि तिथले पाहुणे, काजूचा कारखाना असलेले, खोकाभर काजू घेऊन आपल्याकडं आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आत्यानं पिशवीतून फोटो काढला, फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी सरळ मनानं म्हणाली, "ही थोरली व्हय? धाकटीला बोलवा की."

"एकच पोरगी हाय, पावणं," तुम्ही म्हणालात.

"मग ही कोन म्हनायची?" तिनं फोटो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

तुम्ही पोहे खात होतात. खातच राहिलात. माझ्या हातातला ट्रे कुणी घेईना आणि तो कुठं ठेवायचा हे मला सुचेना. पाहुणे चहा न घेता उठले, जाताना काजूचा खोकाही घेऊन गेले. मग मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी आहे, आई पदरानं डोळे पुसते आहे, आणि तुम्ही दारात येता. मला वाटतं, आता तुम्ही मला काहीतरी म्हणाल. निदान त्या बाईला चार शिव्या तरी घालाल. तुम्ही माझ्याकडं बघतही नाही. आईला म्हणता, "पेन्सिल जरा जास्त झाली."

आप्पा, हे वाक्य मी आयुष्यभर चघळत आले. पुढच्या स्थळाला तुम्ही कमी पेन्सिलीचा फोटो पाठवलात, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. आमटीत मीठ बघत बघत घालावं तशी तुम्ही माझ्या तोंडाची चव बघत होतात. शेवटी ज्यांच्याशी माझं लग्न झालं, त्यांनी फोटो मागितलाच नव्हता. चुलत्यांच्या ओळखीनं ते थेट घरी आले, चहा प्याले, आणि पसंत आहे म्हणून सांगून गेले. तरी मांडवात तुम्ही लोकांना सांगत होतात, "माझ्या हातचा फोटू गेला की लगीन ठरलंच म्हनून समजा." मी बोहल्यावर उभी राहून ते ऐकलं. त्याच दिवशी मी ठरवलं होतं की याचं उट्टं काढायचं. कसं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, आप्पांनी किती पोरींची लग्नं जमवली. माझ्या डोळ्यांपुढं वेगळंच येत होतं. किती घरांत किती पोरी ट्रे घेऊन अशाच उभ्या राहिल्या असतील, आणि समोर कुणीतरी फोटो वर धरला असेल. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय. बसू दे म्हटलं.

तुमचा हार घातलेला फोटो माझ्याकडंच आहे. भाऊ पुण्याला गेला आणि म्हणाला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिळे मारू देत नाहीत. त्यानं तुमचे कॅमेरे विकले तेही बरंच झालं, मला तुमचा नकोच होता. मी जुन्या बाजारातून एक घेतला, वरून डोकावून बघायचा, दोन भिंगांचा. बाकीचं मोबाईलवर एका पोराचे व्हिडिओ बघून शिकले. पहिल्या रोलची गंमत सांगते, हसायचं तर हसा. डेव्हलपर आणि हायपो कालवून मी काकवीच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरले. दोन्ही पाण्यासारखे दिसणारे, बाटल्याही एकसारख्या. मला वाटलं, वासावरून ओळखीन. पण काकवीची बाटली कितीही विसळा, ती काकवीचाच वास मारते. आधी हायपोच ओतला गेला, आणि त्यानं चित्र उमटायच्या आधीच सगळं धुऊन नेलं. आमचे हे कागलच्या एमआयडीसीतून रिटायर होऊन घरीच असतात. बाथरूमच्या दाराशी टॉवेल घेऊन ताटकळत उभे होते. मी फिल्म बाहेर आणली. काचेसारखी कोरी. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत बघितली.

"ह्यात काय न्हाय की."

"न्हाय."

"मग इतका येळ काय धूत हुतीस?"

दुसऱ्या वेळी मी हायपोच्या बाटलीला लाल चिंधी बांधली आणि नळाचं पाणी कोमट येत होतं म्हणून फ्रीजमधला बर्फ टाकून ते गार केलं. हा रोल तुमच्यासाठी होता. काळ्या माणसाला भर उन्हात बसवू नये आणि पांढरं नेसवू नये, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचा. मी ऐन दुपारी गच्चीवर पांढरी साडी नेसून बसले. पावडर नाही, मान खाली नाही, पिकलेले केसही तसेच ठेवले. बटण दाबायला ह्यांना उभं केलं. "जरा हस की," ते म्हणाले. मी हसले नाही.

फिल्म वाळल्यावर राजारामपुरीतल्या एका दुकानात मोठा फोटो काढून घ्यायला दिली. तिथल्या मुलानं कॉम्प्युटरवर माझा चेहरा मोठा केला आणि प्रेमानं विचारलं, "काकू, जरा उजळ करू का? त्याचं काय येगळं घेत न्हाय मी." तुमचा धंदा बुडाला आप्पा, पण तुमची पेन्सिल काही मेली नाही. मी म्हटलं, "हात लावायचा नाही. मूळचा रंग आहे." त्यानं खांदे उडवले आणि तसाच काढून दिला. काय सुंदर आलाय! उन्हानं गालाची हाडं उठून दिसतात, कपाळ तुकतुकीत, आणि कातडं म्हणाल तर नुसतं लोखंड. तो मी तुमच्या फोटोच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर लावला आहे. आता उठता बसता तुम्हाला मी दिसते, आहे तशी. फोटोतल्या माणसाला डोळे मिटायची सोय नसते. मला याचं किती समाधान वाटतं हे मी लपवणार नाही. सकाळी तुम्हाला उदबत्ती लावते तेव्हा मी मुद्दाम जरा बाजूला सरकते, म्हणजे तुम्हाला समोरचं नीट दिसावं.

तुमच्या तिथीला भाऊ, भावजय, चुलते, सगळे जमतात. त्या दिवशी तुमच्या फोटोपुढं उभं राहून हे सगळ्यांसमक्ष मोठ्यानं वाचायचं, म्हणून लिहायला घेतलं होतं. आता वाचणार नाही. वाचायचं तर सगळं वाचावं लागेल, आणि एक गोष्ट मी तुमच्यासमोर तोंडानं बोलू शकत नाही. त्या दुपारी धुतलेली फिल्म पाण्यातून काढून मी बाथरूमच्या खिडकीशी उजेडात धरली. पांढरी साडी काळी झाली होती, पिकलेले केस काळेभोर, आणि चेहरा गोरा, लख्ख. हे सगळं उलटं असतं हे मी विसरले नव्हते. तरी माझा हात खाली येईना. बाहेरून ह्यांनी हाक मारली, मी "आले" म्हणाले आणि तिथंच उभी राहिले.

फोटो भिंतीवर आहे, तो येणारे जाणारे बघतात. निगेटिव्ह मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आहे. घरात कुणी नसलं की काढते आणि खिडकीशी नेऊन बघत बसते.