सुधाच्या नावाची नळी

दिग्रस

प्रिय नलू,

आधी सवयीने 'चि.' लिहिलं, मग खोडलं. धाकट्या बहिणीला लिहिताना हात आपोआप तिथूनच सुरू होतो.

परवा मुंबईच्या प्रयोगशाळेतून तुझ्या वह्या आल्या. तुझ्या सहकारी बाईंनी पुठ्ठ्यात नीट बांधून पाठवल्या आहेत. आठ दिवसांच्या काविळीने कुणी जातं का गं? मी वाचायला बसले आणि तिसऱ्या वहीत अडले. 'सुधा: आईसारखंच.' खाली दोन रेघा. म्हणून हे पत्र. तू असताना सांगायला हवं होतं, ते आता सांगते.

एकसष्टच्या थंडीत तू आलीस, आठवतं? बाबा आणि दादा, दोघेही रक्ताच्या कर्करोगाने गेले. उरलेल्यांच्या गुणसूत्रांत काही खूण दिसते का, ते तुला पाहायचं होतं. दारातच हे म्हणाले, "या, डासबाई! या खेपेला किती पिणार?" तू म्हणालीस, "भाऊजी, तुमचं फुकट दिलं तरी नको. तुम्ही परके!"

माझं रक्त तू सकाळी स्वतः काढलंस. माझी सुधा यवतमाळहून दुपारी यायची होती, आणि तुला काकांचं रक्त घ्यायला पुसदला जायचं होतं. एक रिकामी नळी माझ्या हाती दिलीस. "ताई, कंपाउंडरकडून सुधाचं काढून ठेव. संध्याकाळी मी घेऊन जाते."

केवढा तुझा विश्वास!

सासूबाई ऐकत होत्या. "पोरीचं रगत कायले काढून राह्यले? परवा पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले. घरात रोग हाय म्हणून गावभर होईन!"

मी बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. त्यांना समजवायचं सोडून मी काय केलं? सुधा येण्याआधीच दवाखान्यात जाऊन स्वतःचा हात पुढे केला. कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुमचं तं सकायीच काढलं म्हणे. आता पुन्हा काहून?"

"कमी पडलं," मी म्हटलं. घरी येऊन नळीवर सुधाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. सुवाच्य अक्षरात.

प्रयोगवहीत शेजारणीचं रीडिंग उतरवलं म्हणून मी किती मुलींच्या हातावर पट्टी मारली आहे, नलू!

पुढे तुझं पत्र आलं. "ताई, तुझं एक गुणसूत्र आखूड आहे, आणि सुधाचंही तेच! आईकडून लेकीकडे गेलेलं!" सारखं येणारच. दोन्ही नळ्यांत रक्त माझंच होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. पण सुधाचं लग्न महिन्यावर आलं होतं.

तू परिषदेत त्यावर निबंध वाचलास. वरिष्ठांनी विचारलं, पडताळायला सुधाचा दुसरा नमुना कुठे आहे? तो मागायला तू मला तीन पत्रं पाठवलीस. मी एका ओळीत उत्तर दिलं: 'सुधा आता सासरची झाली, विषय बंद.' निबंध छापला गेला नाही. लोक तुला उतावळी म्हणाले. तुला! शंभर पेशी मोजून झाल्याशिवाय जेवायला न उठणारीला!

पण खरी मान खाली जाते ती दुसऱ्याच गोष्टीने. दर दिवाळीला तू लिहायचीस, "सुधाचं रक्त तपासून घे गं, विसरू नकोस." मला ती कटकट वाटायची. तुझ्या वहीत दर वर्षी सुधाच्या वाढदिवसाला एक नोंद आहे: 'ताईचं पत्र आलं. सुधा ठीक.' एवढीच. पाच वर्षं तू माझ्या मुलीसाठी भीत होतीस, आणि ती भीती मी माझ्या हाताने चिकटवली होती.

तू एकदा तरी येऊन मला फैलावर का घेतलं नाहीस? काय म्हणून धाकटीची धाकटीच राहिलीस?

काल पुसदला सुधाच्या सासरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी माझ्यासाठी भेत होती, अन् तू इकडे पोरींना खरं बोला म्हणून शिकवून राह्यली होती?" मग तिनेच विचारलं, "मुंबईले कधी निघायचं?"

आज तुझ्या सहकारी बाईंना रजिस्टर पत्र टाकलं. ती नळी माझी, खोटं माझं, नलिनीची चूक नाही. हे वरिष्ठांसमोर वाचून दाखवावं, असंही लिहिलं. सोमवारी आम्ही दोघी निघतो. सुधाच्या रक्तात काय निघेल, मला ठाऊक नाही. जे निघेल ते तुझ्या वहीत, त्याच पानावर लिहिलं जाईल. वरची ओळ मी खोडणार नाही.

आणि एक वचन देते. या वेळी नळीवरचं नाव सुधा स्वतः लिहील. मी हात लावणार नाही.

तुझी,
ताई