ब्रॅकेनरिगचा मळा विनिफ्रेडला

मी, ऑगस्टा हार्कनेस, थॉर्न्डेलच्या दिवंगत अर्लची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार नॉर्थम्बरलंड, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. सकाळपासून एका जागी बसवत मात्र नाही, म्हणून खिडकीपाशी उभ्यानेच लिहीत आहे.

१. थॉर्न्डेल हॉल, जमिनी व घराण्याचे हिरे यांवर माझा कधीच हक्क नव्हता. आम्हांला मुलगा नसल्याने ते सारे यजमानांच्या पुतण्याकडे, रूपर्टकडे, गेले. त्याने बायको आणली त्याच दिवशी, रिवाजाप्रमाणे, मी किल्ल्या तिच्या हाती दिल्या आणि विधवांसाठी राखलेल्या या बागेच्या टोकाच्या घरात मुलीसह राहायला आले. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण लिहून काय उपयोग?

२. चांदीची चहादाणी स्वयंपाकीण मिसेस डॉड हिला. त्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, हे तिला कोणीतरी नीट समजवावे. कालपासून फुगून बसली आहे.

३. रूपर्टची पत्नी सिबिल हिला माझे काळे रेशमी पोशाख. मी कधी जाते याची ती वाटच बघते आहे; शोकाचे कपडे तयार असलेले बरे.

४. ब्रॅकेनरिगचा मळा व त्यातले घर माझ्या आत्याने माझ्या एकटीच्या नावे ठेवले. ते माझ्या मृत्यूनंतर माझी कन्या विनिफ्रेड हिला, विनाअट.

गेल्या रविवारी हॉलवर जेवण झाल्यावर आम्ही बायका नेहमीप्रमाणे उठून दिवाणखान्यात गेलो. पुरुष पोर्ट वाइन घेत टेबलापाशी राहिले. मी शाल घ्यायला परतले, तर दाराआडून रूपर्ट म्हणत होता, "काकू गेल्या की विनीला वरची खोली देऊ. पोरींना फ्रेंच शिकवेल. एकट्या बाईला आणखी काय लागतं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विनिफ्रेडला मागणी घालणाऱ्या पशुवैद्यालाही तिच्या वडिलांनी याच टेबलावरून वाटेला लावले होते, आणि तेव्हा आम्ही दोघी पलीकडे कॉफी पीत होतो.

५. इथवर लिहिले तोच विनिफ्रेड आली. वाचून म्हणाली, "आई, तू अजून दहा वर्षं सहज काढशील."

"मग काय, जगू नको?"

"जग की गं! शंभर वर्षं जग. पण मला सिबिलसारखं तुझ्या मरणाकडे डोळे लावून बसायचं नाही. माझे गुडघे आत्ता चालतात. मेंढ्या आत्ता पाळायच्यात मला."

"मला एकटीला टाकून जाशील?"

तिने कागद माझ्या हाती परत दिला. मग म्हणाली, "हो."

इतके सरळ उत्तर आमच्या घराण्यात कोणा बाईने दिलेले मी ऐकले नव्हते. राग आला. मग वकील मिस्टर फेनविक यांना बोलावून घेतले.

६. सबब कलम चार रद्द. मळा व घर आजच, मी जिवंत असताना, बक्षीसपत्राने विनिफ्रेडच्या नावे केले आहे. रूपर्टने हरकत घ्यायचीच तर माझ्या तोंडावर घ्यावी.

ती वर सामान बांधते आहे. मला रडू आवरत नाही. त्याने या मृत्युपत्राला बाध येत नाही, असे मिस्टर फेनविक सांगतात.

सही (रिवाजाप्रमाणे, यजमानांच्या किताबाच्या नावाने): ऑगस्टा थॉर्न्डेल

आम्हां दोघांच्या समक्ष, उभ्याने सही केली:
ॲम्ब्रोज टुली, बटलर
हेस्टर प्रूडो, गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका

थॉर्न्डेल, ९ नोव्हेंबर १९२६