मेला तो बॉल, हिरालाल नाही

भिलाई, सेक्टर एक
फेब्रुवारी १९६१

ती. मामाजींले जावई पुंडलिकचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा हाय? (एरंडेल तेलाचा शेक सोडू नका.) इकडं आमी सारे बरे हाओ, अन् तुमचा नातू हिरालाल ठणठणीत हाय. मामीजी गोंदियाले पोचून काही वेगळं सांगून राहिल्या असतील, तर आधी हे वाचजा.

इथं शाळेच्या मास्तरानं पोरायले बेसबॉल शिकवला. (रशियन इंजिनिअरायच्या गावात अमेरिकेचा खेळ कावून, ते मले विचारू नका.) बॅटीनं बॉल हाणाचा, चारी ठाणी पळून घरी आलं की एक रन. बॉल जिवंत हाय तोवर पळाचं, मेला की थांबाचं. मास्तर म्हणे, "पुंडलिकभाऊ, तुमी प्लांटात वायरमन, जिवंत तार कोणती अन् मेली कोणती, तुमाले समजते. अंपायर व्हा." झालो.

रविवारी मामीजी मॅच पाहाले आल्या अन् चुन्याच्या रेघेबाहेर, कडूनिंबाखाली, बसल्या-बसल्या झोपल्या. मॅचच्या शेवटी हिरालालनं दांडगा फटका मारला. तो पहिल्या ठाण्याच्या पुढं गेला, तवाच समोरच्या पोरानं बॉल फेकला तो रेघेबाहेर, थेट मामीजींच्या ओच्यात. रेघ ओलांडली की बॉल मेला. मंग पळणाऱ्याले पुढची दोन ठाणी फुकट, म्हणजे हिरालालले तिसऱ्या ठाण्यावरच थांबाचं, असा नियम. तो मात्र घराकडं पळूनच राहिला. पोटचा पोरगा, त्याच्या रनानं मॅच वाचत होती, पण अंपायरनं नियम सोडाचा कसा? मी प्लांटातल्यासारखा ओरडलो, "थांब हिरालाल, मेला, मेला!"

मामीजी जाग्या झाल्या. त्याइले ऐकू आलं एवढंच, की हिरालाल मेला. त्याइनं असा हंबरडा फोडला की क्वार्टरातल्या बाया धावत आल्या, अन् कोण गेलं हे न विचारताच रडाले लागल्या. हिरालाल स्वतः जवळ जाऊन म्हणे, "आजी, मैं तो इधर हूँ." तर त्याले बाजूले सारून म्हणतात, "सरक बाबू, मले माह्या हिरालालले पाहू दे." तुमच्या कौशल्यानं आईच्या तोंडावर पाणी मारलं तवा कुठं नातू ओळखू आला. मंग त्या माह्यावर उलटल्या. "जित्याजागत्या पोराले मेला म्हणता?" मी सारा नियम समजावून सांगतला. त्याइनं शांतपणे ऐकला, अन् पावर हाउस टेसनावरून संध्याकाळची पॅसेंजर धरली.

पुढचा पोरगा आउट झाला, मॅच हरलो. हिरालाल अजून माह्याशी बोलत नाही.

तुमचा जावई,
पुंडलिक

ता. क. रागाच्या भरात मामीजी बेसबॉलची बॅट कपडे धुयाची मोगरी समजून घेऊन गेल्या. शाळेत दुसरी नाही. धुण्यात फुटाच्या आधी धाडून देजा.

आणखी ता. क. देत नसतील तर बॅटीसकट त्याइलेच धाडा. माह्या ओरडण्यानं एक पोरगा थांबला नव्हता, त्याइच्या हंबरड्यानं दोन्ही टीमा जागच्या जागी उभ्या राहिल्या. पोरं म्हणते, अंपायर आजीच पायजे.