ठकीची पोळी

वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया,
रविवार दुपार

ती. गणेशमामांना विश्रामचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग कागदावरच. माझी कंबर हल्ली वाकायला तयार नसते, त्यामुळे तुम्ही समोर असतात तर नुसती मान हलवून भागवलं असतं.) तुमचा गुडघा, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि मामींची तुमच्यावरची करडी नजर, तिन्हींचं कसं चाललंय ते कळवा. इकडे शाल्मली हॉस्पिटलच्या ड्युट्यांमध्ये बुडालेली आहे, उर्वी मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते आणि तुमची ताई, म्हणजे आमची आई, ठणठणीत आहे. खरं तर हे पत्र तिच्यामुळेच लिहितोय. फोनच केला असता, पण फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ती कोणाला तुमच्याशी बोलू देत नाही.

पोलाद कारखान्यातलं कंत्राट संपल्यावर मी नक्की काय करतो, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतंत. ‘पर्यावरणाचं काम’ हे माझं उत्तर तुम्हाला पटलेलं दिसत नाही, आणि खडकीला उभं आयुष्य बंदुकीच्या नळ्यांची मापं घेण्यात घालवलेल्या माणसाला ते पटू नये हेही बरोबरच. तर मी डॅरल नावाच्या गृहस्थाकडे नोकरीला आहे आणि डॅरल काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कंत्राटावर हरणं मारतो. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नका.) ही हरणं मूळची इथली नव्हेत. कोणीतरी हौसेने बाहेरून आणली, ती आपल्यासारखीच इथे रुळली आणि आता लोकांना फार झाली. माझं काम रायफल ठाकठीक ठेवायचं. नेम डॅरल धरतो. परवान्यासाठी पोलिसांनी माझी जेवढी चौकशी केली, तेवढी शाल्मलीच्या वडिलांनी लग्नाआधी केली नव्हती. आईला मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या मते मी झाडं लावतो.

आता तुमच्या आवडीचा भाग. आमच्या रायफलीत एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येते. नळीतला थोडा गॅस एका बारीक भोकातून वळतो, दट्ट्याला ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. वस्तीजवळ काम असलं की पुढे सायलेन्सर लावावा लागतो. तो लावला की गॅसला पुढून चटकन निघता येत नाही आणि तो मागे फिरतो, कुकरची शिट्टी अडकल्यावर वाफ झाकणाखालून फुसफुसते तसा. मग आतलं लोखंड गरजेपेक्षा जोरात आपटतं आणि धूर नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. (पहिल्या चाचणीला डॅरलच्या डोळ्यांतून इतकं पाणी आलं की नेमबाजीच्या रेंजवरच्या एका बाईंनी त्याला बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं.) यावर इलाज म्हणून गॅसच्या वाटेवर एक चिमुकला स्क्रू असतो. आवळला की मागे येणारा गॅस कमी होतो, फार आवळला तर दुसरी गोळी वर येतच नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधायचा मला पगार मिळतो.

आता आईकडे वळतो. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी तिने तव्यावरची पहिली पोळी बाजूला काढली आणि गाय कुठे आहे असं विचारलं. गोग्रास निघाल्याशिवाय ताटात पोळी पडायची नाही, ही पद्धत तुमच्याच घरातून आलेली, तेव्हा मी काय सांगणार. इथे गायी उदंड आहेत, पण त्या कुंपणात असतात आणि कोणाच्या तरी मालकीच्या असतात. (तरी एकदा तिला घेऊन गेलो. मालक भला माणूस होता. आभार मानून पोळी त्यानेच खाल्ली.) शेवटी आमच्या मागच्या कुंपणाशी डोंगरावरून एक हरिणी यायची, तिचे खूर आईने नीट पाहून घेतले आणि गायीच्या रिकाम्या जागेवर तिची नेमणूक केली. नाव ठेवलं ठकी. आम्ही तिघं दिवसभर बाहेर असतो, त्यामुळे आईचं बोलणं म्हणजे ठकीशी बोलणं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ती किती घाबरली होती हे तिने मला कधी सांगितलं नाही. ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं, ती ठकीला सांगत होती तेव्हा. मला वाईट वाटलं, आणि ठकीचा थोडा हेवाही वाटला.

ठकी हळूहळू नातेवाईक घेऊन यायला लागली. आपल्याकडे एकाला जेवायला बोलावलं की होतं तेच. हरणांची मागच्या रस्त्यावर ये-जा वाढली आणि एका सकाळी वळणावर शेजारच्या मेरिडिथच्या गाडीसमोर एक आलं. गाडी झाडावर गेली. मेरिडिथचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शाल्मली तेव्हा ड्युटीवर होती, घरी येऊन कितीतरी वेळ बूट न काढता बसून राहिली. आईला आम्ही पाय मुरगळलाय एवढंच सांगितलं, तेव्हा तिने मेरिडिथसाठी आंबेहळदीचा लेप करून दिला. तो अजून आमच्या फ्रिजमध्ये आहे. त्याच आठवड्यात काउन्सिलचं काम आलं. डॅरलने टेबलावर नकाशा पसरला, बोट ठेवलं आणि हा तुझाच रस्ता ना असं विचारलं. ते बोट आमच्या कुंपणामागच्या डोंगरावर होतं.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण मी नाही म्हटलं तर दुसरं कोणीतरी ती रायफल जुळवणार, मला हवी तशी काळजी घेणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. बाकी वस्तीला आवाज गेला तरी माझी हरकत नव्हती, मला फक्त एका बाईच्या कानावर तो जायला नको होता. सायलेन्सर धमाका गिळतो, पण लोखंडाचं आपटणं राहतंच. म्हणून मी स्क्रू आवळत गेलो, गोळी झाडून पाहिली, परत आवळला. शेवटी मी डॅरलला सुचवलं की गॅस पूर्णच बंद करू. काही हलणार नाही, आवाज जवळजवळ नाहीच, दुसरी गोळी हाताने ओढून भरायची. डॅरल दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक त्याने मला दिलं.

“मेट, पहिली चुकली तर दुसरी लगेच हवी. माझ्यासाठी नाही, त्या जनावरासाठी.”

मी स्क्रू सैल केला.

कामाच्या दिवशी दुपारीच आईला सांगितलं की डोंगरातून साप उतरलेत, मागचं दार उघडायचं नाही. (तिने लगेच त्यांच्यासाठी वाटीत दूध काढलं.) उर्वीला आजीची मालिका मोठ्या आवाजात लावायला सांगितली. ती ‘नो वरीज’ म्हणाली आणि कारण विचारलं नाही. संध्याकाळी आम्ही वर चढलो. तू गाडीपाशी थांब, असं डॅरल दोनदा म्हणाला, पण मी थांबलो नाही. आमची चाहूल लागताच बाकीच्या हरणांनी कान टवकारले. ठकी मात्र सरळ चालत माझ्याकडे आली. माझ्या जाकिटाला आमच्या स्वयंपाकघराचा वास येत असणार. ती चालत होती म्हणून पहिली गोळी बसायला हवी तिथे बसली नाही. दुसरी लगेच गेली, इतकी लगेच की ठकीला खाली बसायलाही वेळ मिळाला नाही. स्क्रू अगदी बरोबर लागला होता, मामा. इतकं नेमकं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही, आणि ते जमलं याचा मला क्षणभर आनंद झाला. त्या आनंदाची अजून लाज वाटते.

घरी आलो तर आईने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत येऊ दिलं नाही. “बागेतल्या नळावर आधी डोक्यावरून पाणी घे,” म्हणाली. धुराचा वास आला असेल असं मला वाटलं. या थंडीत मी बागेत कुडकुडत आंघोळ केली, शेजारचा कुत्रा भुंकत होता आणि आई टॉवेल घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर पोळी होती. ती तशीच पडून राहिली तर आई काय विचारेल या भीतीने मी कामावर निघताना ती उचलली आणि गाडीत बसून खाल्ली. तेव्हापासून रोज खातो. हल्ली ठकीची भूक वाढलीय, असं आई जेवताना सांगते.

असो. मामींना नमस्कार. शाल्मलीचा नमस्कार, उर्वीचं ‘हाय’.

तुमचा, कोरड्या पोळ्यांवर वजन वाढवून बसलेला भाचा,
विश्राम

ता. क. : एवढं पाल्हाळ लावलं ते एका विनंतीसाठी. पुढच्या महिन्यात डॅरलला पुन्हा आमच्या मागे काम आहे. तेव्हा आई इथे नसलेली बरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवा आणि ताई आल्याशिवाय मी डोळा उघडणार नाही असं तिला कळवा. खोटं बोलणं जिवावर येत असेल तर ऑपरेशन खरंच करून घ्या.

आणखी एक ता. क. (सोमवार सकाळ) : वरची विनंती रद्द समजा, तिला बोलावू नका. ठकीला आई नेहमी कोरडी पोळी घालायची. आज कुंपणावर तूप-गुळाची गुंडाळी होती. तशी गुंडाळी तिने जन्मात एकालाच करून दिली आहे, शाळेला निघताना, मला. नळावरची ती आंघोळही मला आत्ता उमगली. स्मशानातून आलेल्या माणसाला आपल्याकडे असंच दाराबाहेर थांबवतात. आज मी गाडीपर्यंत गेलो नाही. कुंपणापाशीच, तिला खिडकीतून दिसेल असा उभा राहून खाल्ली.